मिनिटाला किती श्वास

भालचंद्र तांडेल यांनी एकतीस वर्षं मासे निवडले. सगळे मेलेले.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सरकारचं जुनं अतिथिगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघराचं कोठार त्यांच्याकडे होतं. डाळ-तांदूळ कुणीही आणावेत, मासळी मात्र तांडेलांनीच आणायची, असं तिथे ठरून गेलं होतं. आठवड्यातून तीन दिवस ते पहाटे मयूर विहारातल्या घरातून निघायचे आणि गाझीपूरच्या मंडीत पोचायचे. गोड्या पाण्यातल्या रोहू आणि कटल्याचे ढीग ओलांडून शेवटच्या ओळीत जायचे. समुद्राची मासळी तिथे असायची. बर्फात दोन-दोन दिवस प्रवास करून आलेलं पापलेट, सुरमई, रावस. दिल्लीला कामासाठी आलेला माणूस पहिल्या दिवशी छोले खातो. दुसऱ्या दिवशी त्याला घरचं जेवण आठवतं. ते त्याच्या ताटात ताजं पडेल हे तांडेलांनी बघायचं.

त्यांची रीत ठरलेली होती. अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलायचं. आत लालभडक हवं. डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा. पोटावर बोट दाबलं की पडलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. अंगावर पातळ बुळबुळ हवी, उजेडात तकतकणारी. चार गोष्टी. एका माशाला पाच सेकंद. त्यापलीकडे वेळ लागला तर तो मासा घ्यायचा नाही.

मंडीतले विक्रेते त्यांना डॉक्टर म्हणत. "डॉक्टर साहब आ गए, ऊपर वाला माल हटा ले," असं एकजण दुसऱ्याला ओरडून सांगायचा. हा आदर होता की वैताग, ते तांडेलांनी कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावरही ते मंडीत जात राहिले.

"दोन माणसांच्या घरात अडीच किलो सुरमई," त्यांच्या पत्नी कल्पनाताई म्हणाल्या. "शेजारी सगळे शाकाहारी. आता जिन्यावर कुणी माझ्याशी बोलत नाही."

"ताजी होती."

"ताजीच होती हो. पण मी शिळी व्हायला लागले खाऊन खाऊन."

अशाच एका सकाळी मंडीत त्यांना गौरव भेटला. पस्तिशीचा, दाढीवाला, पाठीवर ऑफिसची बॅग. तो कोळंबी घेत होता आणि अगदी वाईट कोळंबी घेत होता. तांडेलांना राहवलं नाही. "वो मत लो, हफ्तेभर का है," ते म्हणाले. गौरवने कोळंबी नाकाजवळ नेली आणि तो पुटपुटला, "च्यायला."

"पुण्याचा का?" तांडेलांनी विचारलं.

"कोथरूड. तुम्ही?"

"सातपाटी. किती माणसांचं जेवण आहे?"

"माणसांचं नाही. माशांचं आहे."

तांडेलांनी त्याला ताजी कोळंबी आणि माकूळ निवडून दिलं. तेवढ्या वेळात गौरवने आपली सगळी कहाणी सांगितली. सहा वर्षं नोएडात आयटीची नोकरी केली. मग ती सोडली. आता नोएडातच एका तळघरात त्याचं समुद्री माशांचं दुकान होतं. खाण्याचे नव्हेत, पाळायचे. चेन्नईहून विमानाने थर्माकोलच्या पेट्या येत. पेटीत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशवीत खारं पाणी आणि एकेक मासा. गिऱ्हाइकांच्या घरी काचेच्या टाक्या, त्यांत मीठ मोजून केलेलं समुद्राचं पाणी.

"काका, दर पेटीत एखादा मासा आजारी निघतो. मला उशिरा कळतं," गौरव म्हणाला. "तुमच्यासारखी नजर माझ्याकडे नाही. याल का?"

घरी आल्यावर तांडेलांनी बातमी सांगितली.

"एकतीस वर्षं मेलेले, आता जिवंत," कल्पनाताई म्हणाल्या. "प्रगती आहे."

पहिले तीन महिने सुरळीत गेले. तांडेल अकराला दुकानात येत आणि पाचला निघत. आलेल्या पेट्या उघडत. डोळा पांढुरका दिसला, पर फाटलेला दिसला, पोट आत गेलेलं दिसलं, की मासा बाजूला काढत. गौरव खूश होता. दुकानाचा एक नियम होता. नवा मासा एकवीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. करोनानंतर क्वारंटाइन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

मग तो पिवळा मासा आला.

बशीएवढा, चपटा, हळदीसारखा पिवळा. तांडेलांनी असा मासा पाहिला नव्हता. त्याच्या अंगावर तकतकी होती. कडेने पाहिलं तर वर सोन्याची बारीक पूड पडल्यासारखी वाटे. डोळा काचेसारखा. आणि कल्ले! मंडीत अंगठ्याने उचलावं लागतं ते झाकण हा मासा स्वतःच उघडत होता. पुन्हा पुन्हा, पूर्ण. आत गुलाबाच्या पाकळीसारखा लाल रंग दिसत होता.

"एक नंबर," तांडेल म्हणाले. "गौरव, असा मासा मी बघितला नाही. स्वतः कल्ला उघडून दाखवतोय."

सहावा दिवस होता. पुढची पेटी येणार होती आणि वेगळी टाकी एकच होती. विजयाताईंनी पिवळा मासा मागितलेला होता.

"काका, खात्री आहे ना? मग देऊन टाकू?"

"बिल्कुल दे."

विजयाताई दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. एकट्या राहायच्या, सेक्टर पन्नासमध्ये. त्यांच्या टाकीत अकरा मासे होते. त्यांत एक जोडी क्लाऊनफिशची, नारिंगी अंग आणि पांढरे पट्टे असलेली. ती जोडी नऊ वर्षांची होती.

पिवळा मासा तिसऱ्या दिवशी मेला. पुढच्या चार दिवसांत बाकीचे अकराही मेले. क्लाऊनफिशची जोडी शेवटी गेली, एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

गौरवने तांडेलांना दोष दिला नाही. "नियम माझा होता. मीच मोडला," एवढंच म्हणाला. त्याने समजावून सांगितलं. अंगावरची ती सोनेरी पूड म्हणजेच आजार. डोळ्याला दिसणार नाहीत असे जीव कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतात. मासा स्वतःला वाचवायला जास्त बुळबुळ सोडतो. म्हणून तकतकी.

तांडेल दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी मेट्रोने सेक्टर बावन्नला उतरले, ई-रिक्षा केली आणि विजयाताईंच्या दारात उभे राहिले. गौरवला सांगितलं नव्हतं.

विजयाताई बासष्टच्या असतील. उंच, केस आखूड, गुडघ्याला पट्टा. मिरजेच्या. सगळा जन्म दिल्लीतल्या इस्पितळांत सिस्टर म्हणून गेलेला. त्यांनी तांडेलांना आत घेतलं. दिवाणखान्यात टाकी होती. दिवा चालू, पंप चालू, पाणी स्वच्छ. मासे नव्हते.

"बंद नाही केलीत?" तांडेलांनी विचारलं.

"कशी करणार? प्रवाळ आहे, गोगलगायी आहेत. त्यांना काही झालेलं नाही. ते जगतायत."

"मी माफी मागायला आलो."

"मागितलीत. आता बसा. त्या माशात तुम्ही काय पाहिलंत ते मला सांगा."

तांडेलांनी सांगितलं. डोळा, तकतकी, रंग. "आणि कल्ला लाल होता. तो स्वतःच उघडून दाखवत होता."

विजयाताई टाकीकडे वळल्या.

"तांडेल," त्या म्हणाल्या, "त्याला दम लागला होता."

तांडेलांनी मान खाली घातली. इतकं साधं होतं ते. सातपाटीच्या किनाऱ्यावर दम लागलेली माणसं त्यांनी पाहिली होती. उघड्या तोंडाची, नाकपुड्या फुललेली.

"श्वास मोजला होतात?"

मेलेल्या माशाचा श्वास कोण मोजतो, हे त्यांच्या जिभेवरच राहिलं.

"हात द्या," विजयाताई म्हणाल्या. त्यांनी तांडेलांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट गेलं.

"एकोणीस."

"नाडी एकोणीस?"

"श्वास. नाडी मी मोजलीच नाही. श्वास मोजतायत हे माणसाला कळलं की तो लगेच बदलतो. म्हणून मनगट धरायचं, घड्याळाकडे बघायचं आणि लक्ष छातीकडे ठेवायचं. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवायचे." त्यांनी हात सोडला. "तुमचे जरा जास्त आहेत. जिने चढून आलात म्हणून असेल."

चहा झाला. निघताना तांडेलांनी विचारलं, "पुन्हा मासे ठेवाल?"

"अडीच महिने टाकी रिकामी ठेवायची आहे. मासा मिळाला नाही की तो आजार उपाशी मरतो, असं गौरव म्हणाला. मग एकदा ठेवून बघेन. एकदाच. क्लाऊनफिशची जोडी. पुन्हा असं झालं तर टाकी देऊन टाकणार." त्या दारापर्यंत आल्या. "आणि निवडायचं तुम्ही. गौरवला मी तसं सांगितलंय."

"मी?"

"तुम्ही. या चुकीचे पैसे मी भरलेत. तुमचं शिक्षण फुकट कशाला घालवू?"

दुसऱ्या दिवशी तांडेल दुकानात आले आणि त्यांनी वेगळ्या टाकीसमोर एक स्टूल ठेवलं. समोर नाही, जरा कोपऱ्यात. समोर बसलं की मासे ताठ होत, अन्न मिळेल म्हणून पुढे येत. आजारी मासासुद्धा तेवढ्यापुरता धडधाकट दिसे. तांडेल पेपर उघडून बसत. पेपर वाचत नसत. पेपराच्या कडेवरून कल्ल्याच्या झाकणाची उघडझाप मोजत. मग काचेवर मार्कर पेनने आकडा लिहीत. सकाळी ऐंशी, दुपारी चौऱ्याऐंशी.

पाच सेकंदांत काही कळत नाही, हे मान्य करायला त्यांना महिना लागला. मेलेला मासा एकच गोष्ट सांगतो आणि ती बदलत नाही. हे मासे दर तासाला वेगळे. एखादा दगडाला अंग घासतो. एकदा घासलं तर खाज असेल, तासात पाचदा घासलं तर बघायला हवं. एखादा अन्न तोंडात घेतो आणि थुंकतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं खाल्लं. एखादा पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो, कारण तिथे पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं आणि त्याला कमी कष्ट पडतात. तांडेल दिवे बंद करून टॉर्च कडेने मारायला शिकले. सोनेरी पूड असेल तर तशी दिसते.

त्यांनी चार मासे आजारी ठरवले. त्यांतला एकच आजारी निघाला.

"काका, तीन बरे मासे मी औषधात ठेवले," गौरव म्हणाला. आवाज शांत होता.

"हो."

"नाही, बोलत नाही काही. सांगून ठेवतोय."

डिसेंबरात क्लाऊनफिशची जोडी आली. मादी मोठी, नर तिच्या निम्मा. तांडेलांनी दोन पेट्यांतल्या चौदा माशांतून ती निवडली. विजयाताईंना फोटो गेला. त्यांचं उत्तर आलं, "लहान जरा बावळट दिसतो. आवडला."

दिवस पुढे सरकले. मादी खात होती, डाग नव्हता, पर पूर्ण उघडे. काचेवर आकड्यांची रांग लांबत होती. ब्याऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी. एकोणिसाव्या दिवशी तांडेलांनी आकडा लिहिला आणि स्टुलावरून उठलेच नाहीत.

"काका, शनिवारी एकवीस पूर्ण," गौरव म्हणाला. "ताईंना शब्द दिलाय. सोडायचे ना?"

"शनिवारी नको."

"का?"

"मादीचा श्वास वाढलाय. परवा त्र्याऐंशी. काल शहाण्णव. आज एकशेआठ."

"काल आपण पाणी बदललं. रात्री लाइट गेली होती, हीटर बंद होता. एवढं होतं यार काका." गौरव काचेला नाक लावून बघू लागला. "बघा ना. खातेय. रंग चांगला. अंगावर काही नाही."

"काही नाही."

"मग?"

"एकशेआठ आहे."

गौरवने दाढीवरून हात फिरवला. "राग मानू नका. पिवळ्या माशानंतर तुम्हाला प्रत्येक मासा आजारी दिसतो."

तांडेलांना राग आला नाही. गौरव म्हणत होता ते खरंच होतं. आणि हे खरंच भय असेल तर ते ओळखायची काही खूण त्यांच्यापाशी नव्हती.

"ताईंनाच बोलवू," गौरव म्हणाला. "टाकी त्यांची, निर्णय त्यांचा."

विजयाताई दुसऱ्या दिवशी दुपारी कॅबने आल्या. बाहेर धुरकट हवा होती. मास्क काढून त्यांनी पर्समध्ये ठेवला. टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तांडेलांच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसल्या आणि गुडघ्याविषयी बोलू लागल्या. थंडीत कसा धरतो, सेक्टरातला नवा डॉक्टर कसा फक्त एक्स-रे काढायला सांगतो. तांडेल हं हं म्हणत राहिले. गौरव दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"एकशेदहा," विजयाताई मध्येच म्हणाल्या.

"पण ताई, बाहेरून काही दिसत नाही," गौरव म्हणाला.

"दिसत नसेल तर आम्ही तपासणी करायचो. तुमच्यात तपासणी असते की नाही?"

गौरवने सांगितलं. गोड्या पाण्याची आंघोळ. मासा पाच मिनिटं बिनमिठाच्या पाण्यात ठेवायचा. समुद्रातला मासा तेवढं सोसतो. त्याच्यावर चपटे जंत असतील तर ते सोसत नाहीत; ते पांढरे पडतात आणि गळतात. "पण मासा अशक्त असेल तर तोही दगावू शकतो. आणि ती बरी असेल तर आपण उगाच हाल करतोय. मी तरी करणार नाही."

विजयाताई तांडेलांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

तांडेलांनी टाकीकडे पाहिलं. मादी पंपाच्या धारेसमोर उभी होती. नर नेहमीसारखा तिच्या मागे.

"करूया," ते म्हणाले.

काळ्या टबात पाणी घेतलं. टाकीइतकं कोमट केलं, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. गौरवने मादीला जाळीने उचललं आणि पाण्यात सोडलं. ती एका कुशीवर कलंडली. तांडेल खाली वाकले. विजयाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना मागे ओढायला की आधार द्यायला ते कळलं नाही. अर्ध्या मिनिटाने मादी सरळ झाली. दोन मिनिटं. तीन. टबाचा तळ काळाच होता. गौरवने टॉर्च मारला. पाच मिनिटं झाली. तळाशी काही नव्हतं.

मादी परत टाकीत गेली.

"झालं समाधान?" गौरवने सुस्कारा सोडला. "शनिवारी नेऊ, ताई."

तांडेल काचेवरच्या आकड्यांकडे बघत होते. एकोणीस दिवसांचे आकडे. सगळे एकाच माशाचे.

"नरालाही घाल," ते म्हणाले.

"त्याचं काय? त्याचा श्वास नीट आहे की."

"मी मोजलाच नाही."

"काय?"

"तो तिच्या मागे असतो. दिसत नाही. मी तिचाच मोजत राहिलो. त्याचा एकही आकडा नाही इथे."

गौरव वैतागला. "काका, तो पिटुकला आहे. त्याला नाही झेपलं तर?"

मग विजयाताई म्हणाल्या, "घाला."

नराला टबात सोडलं. तो कलंडला नाही. कडेला जाऊन थांबला आणि कल्ले भराभर हलवू लागला. पहिलं मिनिट. दुसरं. तिसऱ्या मिनिटाला तांडेलांना तळाशी तिळासारखं काहीतरी दिसलं. त्यांना वाटलं सोडा विरघळला नसेल. मग तो तीळ वळवळला.

"टॉर्च," ते म्हणाले.

आणखी एक पडला. मग तीन एकदम. पांढरे, चपटे, जिवंत. पाच मिनिटं होईतो तळाशी अकरा होते. गौरव गुडघ्यांवर बसून ते मोजत होता.

"मादीच्या कल्ल्यांच्या आत असतील," तो म्हणाला. "म्हणून हिचे गळले नाहीत. म्हणून श्वास."

"माझ्या टाकीत गेले असते," विजयाताई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तांडेल, एकोणीस दिवस तुम्ही भलत्याच माशाकडे बघत होतात."

"हो."

विजयाताई हसल्या. त्यांना हसताना तांडेलांनी पहिल्यांदा पाहिलं. "औषध काय याला?"

"जंताचंच," गौरव म्हणाला. "माणसांच्या जंताला चालतं तसलंच."

औषध पाण्यात पडलं. आठवड्याने पुन्हा पडलं. गौरवने काच पुसली आणि पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. आता काचेवर दोन रांगा होत्या, एक मादीची आणि एक नराची. नराचा श्वास मोजायला तांडेलांना स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात न्यावं लागलं.

एकविसावा दिवस आला आणि गेला. मादी अठ्ठ्याहत्तर, नर चौऱ्याऐंशी. पुन्हा आंघोळ घातली. तळ स्वच्छ राहिला. तांडेल 'न्या' म्हणाले नाहीत. बाविसावा गेला, तेविसावा गेला. गौरवही विचारेना. आता तोही घाबरत होता. दोघे आळीपाळीने टॉर्च मारायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "उद्या बघू."

"किती दिवस झाले?" रविवारी कल्पनाताईंनी विचारलं.

"सव्वीस."

"मग कशाची वाट बघताय?"

"खात्री नाही."

"आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पोहे संपायच्या आत हो म्हणालात."

"तेव्हा चूक झाली तर माझीच होणार होती."

"अच्छा!" कल्पनाताई म्हणाल्या. "आणि माझं काय?" त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ घातलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी विजयाताई दुकानात आल्या. या वेळी गुडघ्याविषयी बोलल्या नाहीत.

"नाही म्हणायला शिकलात," त्या म्हणाल्या. "हो कधी म्हणणार?"

तांडेलांनी पेपराची घडी घातली.

"मी ऑपरेशननंतरच्या वॉर्डात होते, अकरा वर्षं. पेशंटला घरी सोडायची वेळ आली की नव्या मुली घाबरायच्या. सिस्टर, अजून दोन दिवस ठेवू या ना. घरी जाऊन काही झालं तर? मी म्हणायचे, ठेव. पण इथे ठेवून त्याला घरी असल्यासारखं होणार आहे का? या टाकीत बघा. ना दगड, ना प्रवाळ. एक पाइप आणि एक हीटर. हे किती दिवस राहतील असे?"

"आणि काही झालं तर?"

"मी फोन करेन. तुम्ही याल. आपण टब काढू."

"तुम्ही म्हणाला होतात, पुन्हा असं झालं तर टाकी देऊन टाकणार."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय? म्हणाले होते. ते ओझं तुम्ही एकट्याने घ्यायची गरज नाही. मी त्यांना बघून, मोजून, माझ्या बुद्धीने नेतेय. तुम्ही फक्त तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

तांडेल स्टुलावर बसले. पेपर उघडला. आधी मादी मोजली, मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेले आणि नर मोजला. गौरवने दिवे बंद केले. तांडेलांनी टॉर्च कडेने मारला, एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने. कोळंबीचा बारीक तुकडा टाकला. मादीने तो गिळला. दुसरा टाकला. तो नराने घेतला, तोंडात घोळवला. तांडेल थांबले. नराने गिळला.

दिवे लागले. पाऊण तास झाला होता.

"मला आजार दिसत नाही," तांडेल म्हणाले. मग त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. "न्या," ते म्हणाले.

गौरवने मासे पिशव्यांत घेतले. बाहेर थंडी होती, म्हणून पिशव्या तांडेलांनी शालीत गुंडाळल्या आणि कॅबमध्ये मांडीवर धरल्या. सेक्टर अठराच्या सिग्नलला गाडी वीस मिनिटं अडकली. विजयाताईंच्या घरी पोचल्यावर तांडेलांनी पिशव्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. पाण्याची उष्णता सारखी झाल्यावर पिशव्यांची तोंडं उघडून मासे हातजाळीने उचलले, पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ न देता. मादी आधी गेली. ती प्रवाळापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. नर तिच्या मागे गेला नाही. तो भलत्याच दिशेला गेला, एका दगडाच्या फटीत शिरला आणि दिसेनासा झाला.

तांडेलांनी खुर्ची कोपऱ्यात ओढली.

"नाही," विजयाताई म्हणाल्या. "आता तुम्ही निघा."

"तो बाहेर आला नाही."

"येईल. नाही आला तर ते मी बघेन. तुम्ही बसलात तर मीही तुमच्याकडेच बघत बसेन, तुम्ही कधी घाबरता ते बघायला."

तांडेल उठले. हात मिठाने चिकट झाले होते. बेसिनवर जाऊन धुतले. बाहेर आले तेव्हा विजयाताई टाकीकडे पाठ करून टीव्हीचा रिमोट शोधत होत्या. तांडेलांनी शाल उचलली. ती एका कडेने ओली झाली होती. फटीकडे एकदा बघावं असं त्यांच्या मनात आलं. ते दाराकडे वळले आणि चपला घालू लागले.